करते हं प्रार्थना

काही माणसं निरोप घेताना "येते हं" म्हणतात. पार्लरवाली म्हणायची, "करते हं मी प्रार्थना." समोरच्या बाईच्या भुवया कोरत असली तर दोऱ्याचं टोक दातात धरूनच म्हणायची. शब्द अर्धेच बाहेर पडायचे, पण ऐकणारीला तेवढे पुरत.

तिचं पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला आरसे, आरशांसमोर खुर्च्या, कोपऱ्यात मान टेकवून केस धुवायचं बेसिन, आणि सुरू झाला की विमान उडाल्यासारखा आवाज करणारा ड्रायर. कापलेले केस कितीही झाडा, शेवटी तिच्या चहात सापडायचेच. डोक्याला कुणाचा तरी हात लागला की माणूस बोलू लागतं, हे तिला धंद्यात पडल्यावर लगेच उमगलं होतं. गार पाणी टाळूवर पडायचा अवकाश, की बायका नवऱ्याच्या दारूपासून सासूच्या टोमण्यांपर्यंत सगळं ओकून मोकळ्या व्हायच्या. त्यातल्या निम्म्या तिच्याच मंडळीतल्या, म्हणजे रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्या. उठताना त्या म्हणायच्या, "प्रार्थनेत आठवण ठेव गं." आणि ही म्हणायची, "करते हं."

तिच्या प्रार्थनेला मंडळीत भाव होता, हेही खरं. बहिणींच्या सभेत पाळकसाहेब आधी तिच्याकडेच वळायचे. ती डोळे मिटायची आणि तोंडातून असे काही शब्द वाहू लागायचे, की म्हाताऱ्यांचे पदर डोळ्यांना लागायचे. मंडळीची समजूत अशी, की जी सभेत इतकं मागते ती घरी गुडघ्यांवर किती वेळ असेल! घरचं कुणी पाहायला येत नाही, हे एक बरं असतं.

घरी काय होतं? घरी पहाटे नवरा गोदामातल्या पाळीला निघायचा, त्याचा डबा. मग शाळेत जाणारी लेक, तिची वेणी. ही वेणी म्हणजे रोजचं भांडण, कारण आईला अख्ख्या गावाचे केस जमतात आणि माझेच वाकडे होतात, असं लेकीचं ठाम मत. मग पहिलं गिऱ्हाईक. कधी मनावर घेऊन ती खाटेशेजारी गुडघे टेकायचीही. पण गुडघे टेकले की खाटेखालची धूळ दिसायची, आणि धूळ दिसल्यावर जिला झाडू आठवत नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. एकदा तिने फोनवर बायबलमधली वचनं वाचून दाखवणारं काहीतरी लावून घेतलं. ऐकता ऐकता कणीक मळली, आणि कणीक झाल्यावर लक्षात आलं की अख्खा अध्याय परातीत गेला, कानात काहीच नाही. उद्यापासून नीट करायचं, असं ती रोज ठरवायची. ठरवण्यात तिने कधी चुकारपणा केला नाही. देवाचा वेळ ती चोरत होती असं मी म्हणणार नाही. ती त्याला फक्त पुढचा नंबर देत होती, आणि मध्ये कुणीतरी घुसतच होतं.

अशात एका सोमवारी तिची नणंद आली.

ही नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका दवाखान्याच्या कपडेधुलाईत चादरी मोजण्यात आयुष्य गेलं, आणि बोलणं मोजकं. वहिनीशी वाकडं नव्हतं, पण गळ्यात गळेही नव्हते. पार्लरच्या खुर्चीत तर ती कधीच बसली नव्हती. "माझ्या केसांना काय धाड भरलीय?" म्हणायची. लांब केस, कमरेच्या खाली जाणारे, तेल लावून घट्ट अंबाडा. तेवढाच काय तो तिचा शौक.

त्या दिवशी ती सरळ येऊन खुर्चीत बसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"छातीत गाठ लागलीय," ती आरशातल्या वहिनीला म्हणाली. "सुईने नमुना घेतलाय. शनिवारी कळेल."

पार्लरवालीच्या हातातला कंगवा तिथेच थांबला. "ताई! आणि हे आज सांगताय? यांना माहितीये?"

"त्याला शनिवारी सांगू. तो आत्तापासून रडत बसेल." नणंदेने अंबाड्यावरून हात फिरवला. "तुझ्याकडे एका कामासाठी आलेय. मला प्रार्थना होईना गं. बसते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. नुसती गाठ दिसते डोळ्यांपुढे. तुला चांगलं जमतं. शनिवारपर्यंत रोज माझ्यासाठी कर. माझ्या वतीने."

"हे काय सांगायला हवं, ताई? करते ना!" पार्लरवालीने तिचे दोन्ही खांदे दाबले. आणि हे तिने अगदी मनापासून म्हटलं. खोटं बोलणारी बाई नव्हती ती.

पण लग्नसराई सुरू होती. मंगळवारी एक नवरी आणि तिच्या मागून तिच्या सगळ्या बहिणी. बुधवारी ड्रायर बंद पडला, मेकॅनिकच्या मागे फिरण्यात दुपार गेली. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आठवलं, आणि "हे देवबापा, आमच्या ताईं..." एवढं म्हणेपर्यंत डोळा लागला. ते प्रार्थनेत धरायचं का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नाही. गुरुवारी तर आठवलंही नाही. आपली माणसं आपल्या डोक्यातून अशी जातात, हे ऐकायला वाईट वाटतं, पण जातात.

शुक्रवारी दुपारी पार्लर भरलेलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई डोक्याला रंग लावून, केसांना चंदेरी कागद गुंडाळून बसल्या होत्या. एका नवरीची आई दाराशी घड्याळ बघत होती. तेवढ्यात नणंद आत आली, आणि तिला बघून पार्लरवालीने नजर रंगाच्या वाटीकडे वळवली.

कारण नणंद हसत होती.

"कामात आहेस, बसत नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगायला आले. उद्या दवाखान्यात जायचंय, तरी सोमवारपासून मला लहान मुलासारखी झोप लागतेय बघ. आधी डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी पडते आणि मनात म्हणते, ती तिकडे बसलीये माझ्यासाठी, आपण झोपायला हरकत नाही." मग तिने वहिनीचा रंगाने माखलेला हात धरला. "उपकार झाले गं तुझे."

आता इथे "असू दे हो ताई" म्हणून सुटता आलं असतं. नवरीची आई खूश झाली असती, नणंद खूश झाली असती, आणि पार्लरवालीने रात्री दुप्पट प्रार्थना करून हिशेब मिटवला असता. आपल्यातल्या पुष्कळांनी तेच केलं असतं, मीसुद्धा. पण धरलेला हात सुटेना, आणि ती बाई तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती, की पार्लरवालीला ते सोसवेना.

"ताई, मी नाही केली," ती म्हणाली.

"काय नाही केलीस?"

"प्रार्थना. एकदाही नाही. कामात विसरले. नुसती बोलले होते."

ड्रायर बंद होता, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू गेलं. नणंदेने हात सोडला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि काही वेळ तिथे काहीच आलं नाही. राग आला असता तर पार्लरवालीला बरं वाटलं असतं.

"एकदाही नाही?"

"नाही."

नणंद बाकड्यावर बसली. मग म्हणाली, "मग मला झोप कशी लागली?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. नवरीची आईही घड्याळ विसरली होती. शेवटी चंदेरी कागदांच्या आतून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "ते नंतर शोधा. पण उद्या जायचंय ना यांना? मग आत्ता तरी करा."

"बाई, तुमचा रंग उतरवायची वेळ झालीय."

"माझा रंग कुठे पळून जात नाही."

पार्लरवालीने हात धुतले, नणंदेला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. दिवसभर ती बायकांच्या डोक्यांनाच हात लावत असे. पण त्या दिवशी ते हात जड झाले होते. सभेतले ते वाहणारे शब्द कुठे गेले कोण जाणे. "देवबापा," ती म्हणाली, "मी विसरले. तू विसरला नाहीस. ताईंना भीती वाटते. उद्या त्यांच्याबरोबर राहा." झालं. पुढे काही सुचेना म्हणून तिने आमेन म्हटलं. नवरीच्या आईनेही म्हटलं, आणि मग आपण कशाला म्हटलं असं वाटून पदर सारखा केला. मुख्याध्यापिकाबाईंचे केस ठरल्यापेक्षा कितीतरी काळे निघाले, आणि शाळेत पोरींना आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला.

शनिवारी कळलं ते चांगलं नव्हतं. गाठ वाईट होती. नवरा अपेक्षेप्रमाणे रडला, आणि बहिणीलाच त्याची समजूत घालावी लागली. ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली.

आणि पार्लरवालीने कानाला खडा लावला. "करते हं" बंद. कुणी काही सांगितलं, की ड्रायर थांबवायचा, हात पुसायचे आणि तिथल्या तिथे दोन वाक्यं. लांबवायचं नाही. काहीजणींना ते आवडलं. एक नवी मुलगी म्हणाली, "काकू, मी फक्त भुवया करायला आलेय," तर तिच्या भुवया करून दिल्या, त्यातही काही वावगं नाही. कामं कमी झाली नाहीत, धूळही तिथेच राहिली. फक्त देवाला रांगेत उभं करणं सुटलं. लेकीच्या वेणीच्या वेळीही दोन वाक्यं होऊ लागली. त्यात लेक आपली मागणी घुसडायची, की आईला सरळ भांग पाडता येऊ दे.

एकच गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. ती सगळ्यांसाठी मागत होती. तिला कुणी विचारत नव्हतं, बाई, तुझं काय?

मग एका सकाळी, दार उघडायच्या आधीच, नणंद आली. डोक्याला रुमाल बांधलेला. रुमाल सोडला तर लांब केसांच्या मधेमधे टाळू दिसत होती. "उशी भरते रोज," ती म्हणाली. "रोज थोडे थोडे बघण्यापेक्षा एकदाच काढ सगळे. परक्या माणसाकडे नाही जायचं मला."

पार्लरवालीने दाराला आतून कडी घातली. नणंदेच्या अंगावर कापड घातलं, मशीन हातात घेतलं, सुरू केलं, बंद केलं, परत सुरू केलं. कितीतरी बायकांचे केस तिने कापले होते. आज मशीन डोक्यापर्यंत पोचेना.

"आधी प्रार्थना करते, ताई," ती म्हणाली. तिने डोक्यावर हात ठेवला. "देवबापा..." म्हणाली आणि तिथेच अडली. पुन्हा "देवबापा" म्हणाली. मग नुसतं रडू. इतके महिने गिऱ्हाईकांसमोर, नवऱ्यासमोर, लेकीसमोर आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. नवरा ढासळेल म्हणून ती उभी होती, आणि आता तिने खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला.

"बस इथे," नणंद म्हणाली.

"नाही ताई, करते मी. एक मिनिट."

"बस म्हटलं ना."

ती शेजारच्या खुर्चीत बसली. नणंदेने कापडाखालून हात बाहेर काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात औषधांनी सुजलेला होता. मग बोलली, जसं कुणाला चादरींचा निरोप सांगावा तसं सरळ.

"देवा, मला नीटसं येत नाही. पण ही दमलीये. हिला सगळ्यांचं करता करता स्वतःसाठी मागायचं राहून गेलंय, म्हणून मी मागते. माझं काय व्हायचं ते होऊ दे. हिला धरून ठेव. आमेन."

पार्लरवालीने मान वर केली नाही. ते डोकं कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी हाताखाली होतं, आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं. बाहेर कुणीतरी कडी वाजवली. नणंदेने तिकडे पाहिलंही नाही.

"वाजवू दे," ती म्हणाली. "तू बस अजून जरा."