भंगार, पडीक आणि वखताचं

माझा भाऊ गेला त्या दिवशी सगळ्यात आधी RIP टाकलं ते त्याच्यावर हसणाऱ्यांनी.

आज वर्ष झालं.

देवराम. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा. माझ्याहून धाकटा.
पावसाळ्यात घरची भातलावणी, दिवाळीनंतर वसईला बिल्डिंगच्या कामावर. गेमचा नाद तिथल्या मजुरांच्या खोलीत लागला. बंदुका घेऊन एकमेकांना मारायचा मोबाइल गेम, तोच.

बाकीची पोरं भारी बंदुकांचे व्हिडिओ करतात. हा नको असलेल्यांचे करायचा. गेममध्ये जमिनीवर पडलेली, कोणी वाकून उचलत नाही अशी हत्यारं.

त्यांचे त्याने तीन ढीग केले होते.

भंगार: कुठेच उपयोग नाही.
पडीक: जमीन चांगली आहे, पण कोणी कसत नाही.
आणि वखताचं: एकाच जागी चालतं, पण त्या जागी त्याच्यासारखं दुसरं नाही.

क्रॉसबो त्याच्या मते वखताचा. एक बाण सुटला की दुसरा भरायला फार वेळ. नेम चुकला तर मेलास. पण आवाज नाही. दाराआड लपून बसलास तर तुझाच.

मी जव्हारला मेडिकलमध्ये कामाला आहे. मला यातलं काही कळत नव्हतं, तरी तो फोन करून सगळं सांगायचा. एखादी बंदूक भंगारातून पडीकमध्ये हलवली की अख्खा फोन त्यावरच.

घरामागच्या टेकाडावर रेंज येते. तिथे बसून रेकॉर्ड करायचा. मागे कोंबडा आरवायचा.

"नमस्कार मित्रांनो, आज आपण एक पडीक बंदूक बघणार हाय."

त्या 'हाय'वरून कॉमेंट सुरू व्हायच्या.
आधी मराठी शिक. झाडावर नेट पोचलं का? याला शाळेत घाला रे कोणीतरी.

देवराम प्रत्येकाला 'धन्यवाद दादा' लिहायचा.

मग एका मोठ्या गेमिंग चॅनलवाल्याचा मेसेज आला. नाशिकला हॉलमध्ये स्पर्धा आहे, स्टेजवर खेळायला ये. देवरामने मोखाड्याच्या बाजारातून नवा शर्ट घेतला. निळा. मीही सोबत गेले.

तिथे गेल्यावर कळलं. बाकीच्यांना हव्या त्या बंदुका. याला फक्त भंगार. हा खेळायला नव्हता बोलावला, मध्येमध्ये हसायला हवा होता.

त्यालाही कळलं. मी त्याचं तोंड बघत होते ना.
तो त्यांना एवढंच म्हणाला, क्रॉसबो तरी द्या.

दिला.

एका घरात शिरून दाराआड बसला. त्यांचा एक चांगला खेळाडू आत आला. एक बाण, खलास.

माइकवाला ओरडला, "अरे भाई, ये जंगल के लोग हैं, तीर तो पैदाइशी मारते हैं!"

सगळा हॉल हसला. तेवढ्यात मागून दुसरा आला. देवरामचा बाण अजून भरला जात होता. संपलं.

त्याच्यापुढे माइक धरला. हा शांतपणे म्हणाला, "दादा, बाण मी गेममध्येच मारलाय. घरी आमच्याकडं नांगर हाय."

त्यावर कोणी हसलं नाही.
म्हणून त्या चॅनलने टाकलेल्या क्लिपमध्ये ते वाक्य नाही. कापलं.

परतीच्या एसटीत त्र्यंबक मागे पडलं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, दार बरोबर निवडलं होतं मी. दोघं येतील हे नव्हतं धरलं."

क्लिप पसरली. देवराम हे नाव गेलं आणि 'बाणवाला' राहिलं. वसईच्या साइटवर बाणवाला. आणि बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात, मोखाड्याच्या बाजारात आपलीच पोरं त्याला बघून हवेत धनुष्य ताणायची. ज्यांच्या घरी त्याच्या घरासारखीच नागलीची भाकरी असते, ती पोरं.

त्यानंतरच्या व्हिडिओंत त्याचा आवाज नाही. नुसती अक्षरं लिहायचा.

मग कावीळ झाली. वसईत अंगावर काढली. डोळे हळदीसारखे झाल्यावर घरी आला. आधी झाडपाला, मग जव्हार, मग नाशिक. उशीर झाला होता, एवढंच मला समजलं.

वॉर्डात त्याला मोबाइल धरवत नव्हता. म्हणाला, कॉमेंट वाच. मी चांगल्या चांगल्या वाचल्या. नव्हत्या तिथे मनाने रचल्या.

थोडं ऐकून म्हणाला, "ताई, हे तुझं बोलणं हाय. खऱ्या वाच."

मी खऱ्या वाचल्या. तो डोळे मिटून ऐकत राहिला. एकदाही थांब म्हणाला नाही.

दोन दिवसांनी गेला.

त्या चॅनलने तीच क्लिप पुन्हा टाकली. वर मेणबत्ती, खाली 'लेजंड', सुरुवातीला जाहिरात. मी लिहिलं, मी त्याची बहीण आहे, हे काढा. उत्तर आलं, "ताई, ट्रिब्यूट आहे, पॉझिटिव्ह घ्या."
मग मला ब्लॉक केलं.

तुमच्यापैकी कितीजणांनी ती शेअर केली, मला माहीत आहे. नावं घेत नाही. मुद्दाम आठवण करून देते आहे, एवढंच.

आज सकाळी त्याच्या नावाने पान वाढून झालं. आई म्हणाली, देवरामचं ते लाव. निळ्या शर्टातलं. दुसरं नको, त्यात तो चांगला दिसतो.

तिच्या मोबाइलवर लावलं. त्याच्यावर हॉल हसत होता आणि ती बघत होती. तिला वाचता येत नाही. खालच्या कॉमेंटमधल्या इमोजींवर बोट ठेवून तिने विचारलं, "हां पिवळां पिवळां काय गं?"

म्हटलं, लोकं हसतायत आई.

"एवढी?" ती म्हणाली. "म्हंजे आवडला गं त्यांना आपला पोर."

मी हो म्हटलं.

देवराम, जा आता. सुखाने जा.
तुझी ताई