चावी माझ्याकडंच असते

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. शाळेचा तो लॅपटॉप मी बंद पाडला होता. भाऊसाहेबांनी नव्हे, मी.

शाळेच्या क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. तुमच्याही शाळेत असे एक असतील. आमचे जरा वेगळे होते. वस्तू बिघडली की ते आधी तिच्यावर तळहात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. स्टेपलर असो की पाण्याचा पंप, थोडा वेळ थांबून म्हणायचे, "जीव हाय." दुरुस्ती व्हायची की नाही हा पुढचा प्रश्न, पण निदान आमची रडारड थांबायची.

आगरदांड्याहून ते रोज बोटीनं दिघीला उतरत आणि तिथून मिळेल त्या रिक्षानं शाळेत येत. एकदा भर खाडीत बोटीचं इंजिन बंद पडलं. भाऊसाहेब उठले आणि हात पुढे करून इंजिनाकडे निघाले. खलाशी ओरडला, "भाऊसाहेब, हात काढा, भाजंल! जीव हाय त्याला, मला म्हाइत हाय!"

टायपिंग ते तरुणपणी अलिबागला शिकले होते. तिथले मास्तर मुलांच्या हातांवर फडकं टाकायचे, कळा दिसू नयेत म्हणून. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की महत्त्वाचं काही टाइप करायचं असलं की ते चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे मिटत. नवीन माणसाला वाटे, साहेबांना झोप लागली. "बघितलं की चुकतं, सर," ते मला सांगत.

मी तेव्हा मराठीचा शिक्षणसेवक होतो. पस्तिशीला टेकलेला, तिसरं वर्ष संपत आलेलं, आणि मला कायम करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलेला. शिवाय माझ्याकडे संगणकाचं प्रमाणपत्र होतं. ते आहे हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे.

एका दुपारी भाऊसाहेब कागद घेऊन म्हसळ्याला निघाले. जाताना कपाटाची चावी माझ्या हातात दिली. "असू दे, सर. कुणाला काय लागलं तर." कपाटात लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपमध्ये दहावीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण. भाऊसाहेबांनी आठ दिवस बसून भरलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बोर्डाला पाठवायचे होते.

लॅपटॉप फार हळू चालायचा. मी म्हटलं, भाऊसाहेब येईपर्यंत पळता करून ठेवू. आतल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही ते काढत सुटलो. पाचव्याला पडदा काळा झाला. पडद्यावर चित्र आणणारा ड्रायव्हरच मी काढून टाकला होता. बंद करून चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं, आणि पुन्हा काळोख. मी झाकण मिटलं, लॅपटॉप कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

सकाळी चावी परत दिली.

"काय लागलं न्हाय ना, सर?"

"नाही," मी म्हणालो.

अर्ध्या तासात मुख्याध्यापकांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "मुलांचे गुण गेले नाहीत तर निकाल अडकतील! हात कोणी लावला याला?"

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"चावी माझ्याकडंच असते, सर," ते म्हणाले.

म्हसळ्याचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, आणून टाका, दोन दिवस लागतील. भाऊसाहेबांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. मग मोठ्या अक्षरांची कळ दाबली. तिचा इवलासा दिवा लागला. "जीव हाय. दिसत न्हाय, एवढंच."

शेजारच्या गावच्या शाळेत याच सरकारी योजनेतून मिळालेला, अगदी असाच लॅपटॉप होता. तिथल्या क्लार्क बाईंना त्यांनी फोन लावला. आत भरलेलं तसंच ठेवून मशीनला दोन दिवसांपूर्वीच्या अवस्थेत परत नेण्याची एक सोय असते, ती ताईंना ठाऊक होती. ताई आपल्या लॅपटॉपवर एकेक कळ दाबणार आणि काय दिसतं ते सांगणार. भाऊसाहेब चष्मा खिशात ठेवून, डोळे मिटून, काळ्या पडद्यासमोर तेच करणार.

"खिडकी उघडली, भाऊसाहेब. निळी पट्टी 'नेक्स्ट'वर आहे."

"दाबलं."

"माझं आलं. तुमचं आलं का?"

"मला काय विचारता, ताई? आलं असंल!"

"आता विचारतंय, नक्की का म्हणून. डावीकडे एकदा, मग एंटर. मी नाही दाबत हां, माझाही मागं जाईल."

"नका दाबू! दोघं मागं गेलो तर पुढं कोण आणंल?"

पंधरा-वीस मिनिटं गेली. मग पडदा उजळला. दारात जमलेली मुलं ओरडली, मुख्याध्यापक खुर्चीत बसले. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि मशीन मागं नेलं तरी पुसली न जाणारी नोंदींची यादी उघडली. त्यात लिहिलं होतं: ड्रायव्हर काढला, काल, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. त्या वेळी ते म्हसळ्यात होते. त्यांनी ती वाचली. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचली. त्यांनी यादी बंद केली.

"चहा सांगा, सर. साखर जरा जास्त."

गुण वेळेत गेले. तरी मुख्याध्यापकांनी भाऊसाहेबांकडून लेखी खुलासा मागितलाच. त्यांनी तो लिहिला, माझ्या हातून अनवधानाने वगैरे, आणि माझ्याकडे आणला. "मराठी तेवढं बघा, सर." मी बघितलं. लाल पेनानं दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला. त्याच महिन्यात मी कायम झालो.

ते निवृत्त झाले तेव्हा मानपत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी 'निष्कलंक सेवा' लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "निष्कलंक नको. फायलीत एक खुलासा आहे ना त्यांचा." मी तो शब्द खोडला. समारंभात भाऊसाहेबांनी मानपत्राच्या चौकटीवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "झकास लिवलंय, सर."

नंतर दोनदा सांगून टाकायचं ठरवून आगरदांड्याला गेलो. दोन्ही वेळा गप्पा झाल्या, जेवण झालं, आणि मी पिशवीभर आमसुलं घेऊन परतीच्या बोटीत बसलो. तिसऱ्यांदा गेलो तो ते गेल्यावर. ओटीवर त्यांची मुलगी होती. भिंतीवर ते मानपत्र होतं.

त्या मानपत्रातला एक शब्द मी त्यांना देणं लागतो. आणि शाळेच्या फायलीत, त्यांच्या खुलाशाच्या जागी, माझ्या सहीचा खुलासा.