दोन पार्क आणि आमचा मामा

आमच्या मामाने आयुष्यात एकही निर्णय घाईने घेतलेला नाही, आणि खरं सांगायचं तर सावकाशीनेही फारसे घेतलेले नाहीत. पृथ्वीने सूर्याभोवती कुठल्या बाजूने फिरायचं हे ठरवण्याचं काम कुणी त्याच्यावर सोपवलं असतं, तर आज आपण सगळे जागच्या जागी उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघत असतो, आणि तो म्हणत असता, "जरा थांबा. दोन्हीकडनं इचार करूया." निवडायला एकच वस्तू असेल तर मामासारखा हुशार माणूस शोधून सापडायचा नाही. दोन झाल्या की कारभार आटोपला. रत्नागिरीत चपला घ्यायला तो सकाळच्या एसटीने येतो आणि संध्याकाळी जुन्याच चपला फटफटवत परत जातो. वर सांगतो, "ह्यांच्यात अजून दम हाय." मासळीबाजारात सुरमई आणि पापलेट यांच्यामध्ये त्याने एकदा इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी मासेवाली कमरेवर हात ठेवून ओरडली, "ओ दादा, मासा मेलेला हाय, पण तुमची वाट बगून बगून परत जिता व्हईल!" मामाने त्यावरही विचार केला आणि सुके बांगडे घेऊन घरी आला. लग्नाचंही तेच. मामीला बघायला तो पुन्हा पुन्हा जात राहिला. मामी अजूनही चारचौघांत सांगते, "शेवटी माझ्या बापसानंच ठरवलं. म्हनला, रोजच्या पोह्यांपरीस लगीन स्वस्त पडंल."

आता असा माणूस पोटापाण्याला काय करत असेल? जयगडच्या बंदरात क्रेनला इशारे करतो! वर, खाली, डावीकडे, थांब. डोक्यावर हत्तीएवढं ओझं लोंबकळत असतं आणि मामाचा हात सराईतासारखा हलत असतो. मी एकदा विचारलं, "मामा, तिथे रे कसं जमतं तुला?" तर म्हणाला, "तिथं काय ठरवायचंय? सायेब सांगतो, मी हात हलवतो. घरात सायेब कुठं हाय?" मामी चुलीपुढून म्हणाली, "हाय, पन तुमाला दिसत नाय."

ह्या मामाची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, नर्सिंग शिकली आणि तिला थेट जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी लागली. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिली पदवी माझी. देवरूखच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नाही. पण पहिला पासपोर्ट तिचा, हे मला मान्य करावं लागलं. जायच्या आधी तिने एकच हट्ट धरला. सगळ्यांनी मिळून एक अख्खा दिवस पाळण्यांच्या पार्कात घालवायचा. मामाची सुट्टी, माझ्या नवऱ्याची सुट्टी, सगळं जुळत होतं असा एकच रविवार उरला होता. तो हुकला तर मग ती परत येईल तेव्हा, आणि ते कधी, हे तिलाही माहीत नव्हतं. इथवर सगळं ठीक होतं. पण लेकीच्या मायेने ती बोलून गेली, "बाबा, पार्क कुठला ते तू ठरव." मी हातातली कपबशी खाली ठेवली. मामीने कपाळाला हात लावला. "अगं, काय बोललीस ते कळतंय का तुला?" मी म्हटलं. पण तोवर मामा खुर्ची ओढून विचार करायला बसलासुद्धा होता.

पार्क दोन होते. एक मुंबईच्या वाटेवरचा, लांबचा, अवाढव्य, माणसाला उलटं टांगून फिरवणारा. दुसरा घाटावरचा, कोल्हापूरच्या बाजूचा, जरा लहान, पण पाण्याचे खेळ भरपूर. मामाने दोन्हींचे व्हिडिओ मोबाईलवर बघायला सुरुवात केली, तेही इतक्या मोठ्या आवाजात की त्यातल्या किंकाळ्या ऐकून शेजारची म्हातारी "कोन गेलं गो?" करत धावत आली. हातखंब्याला चहाच्या टपरीवर उभा राहून तो ट्रकवाल्यांना विचारू लागला, कारण मुंबईकडनं येणारा आणि कोल्हापूरकडनं येणारा, दोघेही तिथे भेटतात. दक्षिणेकडच्या एका ड्रायव्हरला मराठी अजिबात कळत नव्हतं. त्याने दोन्ही पार्कांना मान डोलावली. मामाने त्याचं मत सगळ्यात वजनदार मानलं.

मग मला फोन. "बाय, तू शिकलेली हैस, तू सांग." मी म्हटलं, घाटावरचा. "का?" जवळ आहे म्हणून. "पण लांबच्यात मजा जास्त असनार. नायतर लोक लांब कशाला जातील?" दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बरं, लांबचा. तर म्हणाला, "पण लांब हाय गो." एकदा भर दुपारी फोन करून गंभीर आवाजात म्हणाला, "घाटावरच्या पार्कात लाटा मशीनच्या हायत."

"मग?"

"लाईट गेली तर अर्ध्यावर आलेली लाट जानार कुठं?"

मी बी.ए. झालेली बाई, पण हा प्रश्न आम्हाला अभ्यासाला नव्हता.

शनिवार उजाडला. गाडी सांगून ठेवलेली, मामीने चिवडा डब्यात भरलेला, पोरगी रडकुंडीला आलेली, आणि पार्क ठरलेला नाही. तेव्हा मामाने अंगात सदरा चढवला आणि जाहीर केलं, "देवीला कौल लावूया." आमच्याकडे जमिनीचा वाद असो, सोयरीक असो, ग्रामदेवीला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली पडते ते बघायचं. पण पाळण्यांच्या पार्कासाठी कौल लागल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे निम्मी वाडी देवळात जमली. उजवी पाकळी लांबचा पार्क, डावी घाटावरचा. गुरवांनी तोंडभर पान तसंच ठेवून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवी म्हाराजा! तुजं लेकरू सात समुद्रापल्याड चाललंय. त्याच्या आदी ही मंडळी जो काय उलटा करनारा पाळना असंल, त्यात बसनार हायत. त्यांना परत सुलटं करून खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी ओरडली.

सगळे श्वास रोखून बसले. पाकळ्या हलेनात. आणि मग, आईशप्पथ सांगते, दोन्ही एकदमच पडल्या.

देवळात गलका झाला. कुणी म्हणे पुन्हा लावा, कुणी म्हणे देवी हसली. गुरवांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मामाकडे वळून म्हणाले, "देवीला कंचाबी चालतोय. आता तू ठरव."

मामाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. देवीनेच डाव उलटवलेला! तो सदऱ्याचं बटण चाचपायला लागला. तेव्हा पोरगी पुढे झाली. "बाबा, दोन्ही पडल्या म्हणजे देवी म्हणते कुठेही जा, पण जा. घाटावरचा. ठरलं." मामाने लेकीकडे असं बघितलं, जणू ती देवळाच्या गाभाऱ्यातून आत्ताच बाहेर आली होती.

रविवारी पहाटे गाडी हातखंब्याच्या तिठ्यावर आली. एक रस्ता मुंबईकडे, एक घाटाकडे. मामा म्हणाला, "जरा थांबव रे, च्या पिऊन एकदा इचार..." मामी कडाडली, "इचार न करता च्या प्या!" तो मुकाट्याने प्याला.

आणि पार्कात तर त्याने कहर केला. लेक त्या झोके घेणाऱ्या भल्यामोठ्या होडीत बसली आणि मामा खाली उभा राहून दोन्ही हातांनी इशारे करू लागला. सावकाश, आणखी सावकाश, आता खाली सोड, थांब. त्याच्या हातांत इतका रुबाब होता की लोक त्याला तिथलाच माणूस समजून रांग कुठून लागते ते विचारायला लागले. एका बाईने तर बाथरूम कुठे ते विचारलं. मामाने तिलाही हाताने वाट दाखवली, आणि ती वाट बरोबर निघाली. होडी उतरली तेव्हा घामाघूम होऊन म्हणाला, "बगितलंस? मी कसा उतरवला पोरीला." मामी कपडे न बदलता, नऊवारीसकट त्या मशीनच्या लाटांत शिरली आणि बाहेर यायलाच तयार होईना. माझा नवरा घसरगुंडीवरून उताणा आला आणि मी इतकी हसले की मला उचकी लागली. लाईट गेली नाही. मामा मात्र दिवसभर वायरींवर लक्ष ठेवून होता.

संध्याकाळ झाली. परतीची गाडी लागलेली. पोरगी म्हणाली, "बाबा, आता एकाचाच वेळ आहे. ती आगगाडी, नाहीतर तो आकाशपाळणा. बोल."

आम्ही सवयीने बसायला जागा शोधू लागलो. मामी चिवड्याचा डबा उघडायला लागली. पण मामाने डोळ्याची पापणीसुद्धा न लववता बोट दाखवलं.

"आकाशपाळणा."

मामीने डबा परत बंद केला. पोरगी म्हणाली, "अरे बाबा, तो किती हळू फिरतो! एका फेरीला किती वेळ लावतो बघ."

"मी बगितलंय," मामा म्हणाला, आणि तिचा हात धरून रांगेत जाऊन उभा राहिला.