बाबांना सगळं कळतं

“चाळीतली वाटतच नाहीस गं तू! इंग्लिश काय फाडफाड बोलतेस,” असं म्हणून संस्थेच्या मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांसमोर. मी हसले. अशा वेळी मला तेवढंच येतं.

कांदिवली स्टेशनजवळचा हॉल. घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करणाऱ्यांना मदत करणारी ही संस्था. त्या दिवशी पाहुणे आले होते. या मदतीने आमचा भार खरंच हलका झाला का, ते त्यांना आमच्या तोंडून ऐकायचं होतं. मदत चालू ठेवायची की बंद करायची, ते त्यावर ठरणार होतं. बोलायला मॅडमनी मला निवडलं.

“सांग, माझं आयुष्य मला परत मिळालं. थोडी रडलीस तरी चालेल हं.”

माझ्या घरी बाबा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी मला इंग्लिश मीडियमला घातलं. आई नाही. पॅरालिसिसने बाबांची एक बाजू गेली, बोलणं बरंचसं गेलं, तेव्हा मी नोकरी सोडली. अंघोळ मी घालते. डायपर मी बदलते. त्या वेळी बाबा तोंड भिंतीकडे करतात. कधी जीभ वळलीच तर म्हणतात, “नको गो बाय.” मीही त्यांच्याकडे बघत नाही. एवढीशी खोली, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून लपतो.

संस्थेची मदत म्हणजे आठवड्यातून एकदा दुपारी येणारी मावशी. ती सोबत बसते. बसतेच फक्त. पेशंटला हात लावायचा नाही, असा संस्थेचा नियम. म्हणून ती यायच्या आधी मी बाबांचं सगळं उरकते. मग मला मोकळा वेळ. तो मी चाळीच्या जिन्यात काढते, फोन हातात धरून. लांब गेले आणि बाबांना संडासला लागली तर? मैत्रिणींनी बोलवायचं कधीच सोडलंय. संस्था त्याला माझी विश्रांती म्हणते.

त्या दिवशी मावशीला बाबांजवळ बसवून आले होते. हॉलमध्ये मी उभी राहिले. इंग्लिशमध्ये सुरुवात केली. पाहुणे मान डोलावू लागले. तेवढ्यात फोन थरथरला. मावशी.

“पोरी, बाबांचा डायपर भरून अंथरुणात आलंय. मला हात लावायची परवानगी नाय. ये लवकर.”

मी मॅडमना हळूच सांगितलं.

त्या म्हणाल्या, “अगं, पाच मिनिटं. पडू दे तसंच. त्यांना काय कळतंय?”

मला भिंतीकडे वळलेलं ते तोंड दिसलं. मावशी समोर बसलेली. बाबा ओल्यात.

मी माईकमध्येच बोलले. मराठीत.

“माझ्या बाबांना सगळं कळतं. आत्ता ते घाणीत पडलेत आणि तुमची मावशी खुर्चीवर बसलीय, कारण हात लावायचा नाही असा नियम आहे. या मदतीने माझा भार हलका झालेला नाही. मी चालले.”

“इमोशनल झालीय ती,” मॅडम पाहुण्यांना इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

माझ्यासारख्याच कितीतरी बायका तिथे बसल्या होत्या. सुना, मुली. एकीनेही वर बघितलं नाही. त्यांना आपापली मावशी गमवायची नव्हती. मलाही नव्हती. ती बसायची तेवढा वेळ निदान घरात आणखी एका माणसाचा आवाज असायचा.

पुढच्या आठवड्यात मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी कळवलंही नाही.

मी संस्थेत फोन केला.

“बाबांना अंघोळ घालायला पुरुष मदतनीस हवाय.”

“ताई, तशी सर्व्हिस नाही आपल्याकडे.”

“मग सुरू करा.”

पलीकडचा माणूस हसला, त्याने फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. आता रोज लावते. इथे नाही तर वॉर्ड ऑफिसमध्ये, तिथे नाही तर आणखी कुठे. रडून दाखवणार नाही. मिळाली नाही ती मदत मिळाली म्हणणार नाही. मुलीच्या हातून धुवून घ्यायची माझ्या बापावरची पाळी टळत नाही, तोवर मी कुणालाही थँक यू म्हणणार नाही.