गार्डसाहेबांची रविवारची फेरी

“पालथं करा!”

रविवारी सकाळी फाटक वाजलं आणि मागोमाग हे दोन शब्द आले, की समजायचं गार्डसाहेब आले. नमस्कार नाही, कसं काय नाही. सरळ मागच्या अंगणात जायचे, कूलरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करायचे, वाकून आत टॉर्च मारायचे आणि तसंच वाकलेलं राहून निकाल द्यायचे. लख्ख ऊन पडलेलं असलं तरी टॉर्च हवाच. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. “टॉर्च हाती नसला तं मले सदरा न घातल्यासारखं वाटते,” असं त्यांनीच एकदा मला सांगितलं होतं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच. दुसऱ्याच्या घरचा गळका नळ स्वतः जाऊन घट्ट करणारा, वर आपल्यालाच चार शब्द सुनावणारा. आमचे गार्डसाहेब त्या जातीतले, फक्त त्यांचं वैर डासांशी होतं. शंकर नगरच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. रायपूरचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि पावसाळा लागला तरी कूलर खिडकीतून काढायचा कंटाळा प्रत्येकाला. तळाशी पाणी तसंच साचून राहतं. गार्डसाहेब ते उपसायला लावायचे. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचं पाखरांचं पाणी, काही म्हणून सुटायचं नाही. जिथलं पाणी ओतता येत नसेल तिथे ते गाडीतलं जळकं तेल टाकायचे. त्यांच्या पिशवीत त्याची बाटली असायचीच.

एकदा नागपूरहून माझे मामा आले होते. पाय दुखत होते म्हणून घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसले होते. गार्डसाहेब आले, त्यांनी घमेल्यात टॉर्च मारला आणि विचारलं, “हे पाणी कधीचं आहे?” मामांनी घाबरून पाय वर घेतले. “अहो, आत्ताच ओतलंय,” असं ते म्हणेपर्यंत घमेलं पालथं झालेलंही होतं. त्या दिवसापासून मामा आमच्याकडे रविवारी मुक्काम करत नाहीत.

गार्डसाहेबांचा एकच दोष म्हणा, पण मोठा. ते ऐकून घेत नसत. प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. गाडीच्या शेवटच्या डब्यात वर्षानुवर्षं एकटं बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय लागणार तरी कुठून, असं म्हणून मी त्यांना माफ करत असे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मात्र माफ करत नसत. “यायच्यासंग बोलण्यापरीस भिंतीसंग बोललेलं बरं. भिंत मधात तं तोंड नाही घालत,” असं त्या म्हणायच्या.

काकूंना घरात बोलायला होती ती पल्लवी, त्यांची सून. शाळेत शिकवायची. नवरा नोकरीला हैदराबादला, म्हणून ती सासू-सासऱ्यांकडे राहायची. इथेच लहानाची मोठी झालेली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. त्या वर्षी तिला दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता. कितीतरी वर्षांनी त्या घरात बाळ येणार होतं. गार्डसाहेब कोणाला काही बोलून दाखवत नव्हते, पण फेरीवर निघताना तिच्या खिडकीची जाळी नीट लागली आहे का ते बघितल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नव्हते.

गणपती आले. पोटुशी सून घेऊन नदीवर गर्दीत कुठे जायचं, म्हणून काकूंनी विसर्जन घरीच करायचं ठरवलं. पुरानी बस्तीतल्या दुकानदाराने शपथेवर मातीची म्हणून मूर्ती दिली. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली मोठा टब मांडला, आम्ही सगळ्यांनी आरती केली, बाप्पांना पाण्यात बसवलं. एक-दोन दिवसांत माती विरघळते, मग ते पाणी झाडांना घालायचं, असा बेत होता.

बाप्पा विरघळलेच नाहीत. रंग थोडा गेला, मुकुटाचं टोक झिजलं, बाकी मूर्ती जशीच्या तशी. दुकानदाराने प्लास्टर गळ्यात मारलं होतं. पण काकूंना ते कोण सांगणार? त्यांना यात वेगळंच दिसत होतं. “बाप्पाले जायचंच नाही आहे. नातवाचं तोंड पाहूनच जाईन तो,” असं त्या कौतुकाने सांगायच्या. विसर्जन झालेली मूर्ती परत बाहेर काढायची नाही, फोडायची तर बातच सोडा, आणि बाप्पा आत असताना पाणी कसं ओतायचं? टब तसाच राहिला. वरून पाऊस पडत होता, पाणी काही आटत नव्हतं. काकू रोज सकाळी त्यात ताजं जास्वंदाचं फूल सोडत. गार्डसाहेब फेरीला निघताना लांबूनच हात जोडत. गल्लीभर टॉर्च मारणारा माणूस, पण देवावर टॉर्च मारायचा नाही एवढी रीत त्यांना ठाऊक होती.

मग पल्लवीला ताप आला.

सुरुवातीला साधाच वाटला. नंतर डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. गरोदर बाईला डेंग्यू म्हटल्यावर डॉक्टरांचाही चेहरा बदलला. घरी ठेवायचं असेल तर ठेवा, पण रोज रक्त तपासा आणि पोट दुखलं, उलटी झाली, कुठून रक्त आलं तर क्षणभर थांबू नका, असं त्यांनी बजावलं. गल्लीने आपापले उपाय पाठवले. कोणी पपईच्या पानांचा रस, कोणी बकरीचं दूध. मी सुद्धा कीवी घेऊन गेले होते, खोटं कशाला बोलू.

गार्डसाहेब त्या दिवसांत ओळखू येत नव्हते. दाढी वाढलेली, डोळे लाल. “हा मच्छर लांबून येत नाही,” ते मला म्हणाले. “दिवसा चावते, आन् जिथं चावते तिथंच आसपास पैदा होते. याच गल्लीत आहे तो. मी पाहतोच आता कोणाच्या घरी आहे ते.” ते असं म्हणाले तेव्हा मला त्यांची भीती वाटली.

रविवार उजाडला. त्या सकाळी पल्लवीचा ताप उतरला होता. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि दारात उभ्या राहून सगळ्यांच्या हातावर दिली. गार्डसाहेबांनी साखर तोंडात टाकली आणि पिशवी उचलली. ही फेरी नव्हती, झडती होती. माझ्या घरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या त्यांनी अंगणात भिरकावल्या. पुढच्या घरी टाकीचं झाकण आपटलं. माणसं कामं सोडून फाटकात येऊन उभी राहिली. पण कोणी काही बोललं नाही, कारण त्यांच्या घरात सून आजारी होती.

शेवटी ते बिमलादीदीकडे पोहोचले. बिमलादीदी ब्लाउज शिवायची, त्यांच्या घराला लागूनच तिचं घर. मूळची इथलीच, छत्तीसगढी. गार्डसाहेब काहीही म्हणाले की ती “हव साहब, हव” म्हणायची आणि काहीही करायची नाही. त्या दिवशी तिच्या कूलरच्या तळाशी हाताच्या ओंजळीएवढं पाणी निघालं.

“हेच! हेच ते!” गार्डसाहेब ओरडले. “दर हप्त्याले सांगून राहिलो मी तुले! माह्या सुनेले काही झालं तं...”

त्यांनी कूलर असा ढकलला की तो स्टँडवरून खाली आला. बिमलादीदी मशीनवरून उठली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“हमर घर के तो सबो ला पलट डारेव, साहब. अपन घर ला देखे हव का?”

“माह्या घरी?” गार्डसाहेब हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “या! सगळे या! पाहा माह्या घरी!”

आम्ही सगळे गेलो. जावंच लागलं. त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. कूलर पुसून कोरडा, वर पोतं बांधलेलं. बादल्या पालथ्या. टाकीला कापड गुंडाळलेलं. “आहे कुठं? दाखवा!” असं ते प्रत्येकाला विचारत होते. कोणी काही दाखवलं नाही. बिमलादीदी फक्त पेरूच्या झाडाकडे बघत राहिली.

“तो बाप्पा आहे,” गार्डसाहेब म्हणाले.

“हव,” ती म्हणाली.

गार्डसाहेबांनी चपला काढल्या. टबाजवळ गेले, हात जोडले आणि टॉर्च लावला.

मी त्यांच्या मागेच होते. जास्वंदाच्या फुलाखाली, बाप्पांच्या मांडीभोवती, पाणी नुसतं वळवळत होतं. उजेड पडल्याबरोबर डासांच्या अळ्या खाली गेल्या आणि परत वर आल्या. आमच्यापैकी कोणाच्याही कूलरमध्ये मी एवढ्या कधी पाहिल्या नव्हत्या. मला गार्डसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

त्यांनी पिशवीतली तेलाची बाटली काढली, आणि परत ठेवली. दोन्ही हात पाण्यात घालून त्यांनी मूर्ती उचलली, आपल्या सदऱ्याने पुसली आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवली. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अहो, काय करून राहिले! बाप्पाले काहून काढलं? अपशकुन करून राहिले का घरात!” गार्डसाहेबांनी टब आडवा केला. पाणी मातीत जिरेपर्यंत ते तिथेच उभे होते.

आणि त्याच वेळी आतून पल्लवीची हाक आली. पोटात कळ आली होती, उलटी झाली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं.

माझ्या गाडीतून नेलं. बिमलादीदी मागे पल्लवीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणच बसली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की लोकांना वाटतं सुटलो, पण खरा धोका तेव्हाच सुरू होतो. प्लेटलेट भराभर खाली येत होत्या. बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाले. पल्लवीचा नवरा हैदराबादहून निघाला होता.

पुढचे काही दिवस असेच गेले. रिपोर्ट यायचा, आम्ही डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो, आणि आकडा आदल्यापेक्षा कमीच असायचा. गार्डसाहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. दुनियेला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही. काकूंनी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही, त्यांनी काकूंना दिला नाही. दोघं शेजारी बसून एकाच डब्यातून जेवत, म्हणजे जेवल्यासारखं करत.

मग एका सकाळी आकडा थांबला. दुपारी थोडा वर सरकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः व्हरांड्यात आले आणि म्हणाले, आई सावरली, बाळाचे ठोके चांगले आहेत. काकू पदरात तोंड घालून रडल्या. बिमलादीदीही रडली, मीही रडले. गार्डसाहेब उठून पल्लवीच्या खोलीत गेले. मी डबा घेऊन मागोमाग गेले, म्हणून पुढचं मी ऐकलं.

“पल्लवी,” ते पलंगाशी उभं राहून म्हणाले, “मच्छर आपल्याच घरचा होता. बाप्पाच्या टबातला. मले दिसला नाही, बेटा. मी पाहिलंच नाही तिथं.”

पल्लवी पांढरीफटक झाली होती. आवाज जेमतेम येत होता.

“मालूम है, बाबा. मैंने देखे थे.”

“तुले माहीत होतं? मंग काहून नाही सांगितलं?”

“सांगायला आले होते,” ती चक्क मराठीत म्हणाली, मग दमून हिंदीवर आली. “आप फेरी पे निकल रहे थे. मैंने कहा, बाबा, एक मिनट. आप बोले, आल्यावर सांग. आए तो बिमलादीदी के कूलर का बताने लगे.”

गार्डसाहेबांनी स्टूल ओढलं आणि बसले. सलाइनच्या बाटलीत थेंब पडत होते.

“आता सांग,” ते म्हणाले.

“अब क्या सांगू, बाबा?”

“तरी सांग.”

तिने सांगितलं. मधेमधे थांबत, डोळे मिटून. आईंचा देव होता, म्हणून पाणी ओतायची हिंमत झाली नाही. मग तिने स्वयंपाकघरातली चहाची गाळणी घेतली. दुपारी शाळेतून आल्यावर, सासू-सासरे झोपले की ती टबाजवळ बसायची आणि गाळणीने अळ्या काढून मातीवर टाकायची. रोज, जमतील तेवढ्या. तिथे मच्छर फार होते. पण आपण काढत राहिलो तर संपतील असं तिला वाटलं होतं.

गार्डसाहेबांनी तिचं बोलणं मधे एकदाही तोडलं नाही.