केतकीच्या वाढदिवसाची लूट

हसणार नसाल तर सांगते. आणि हसणारच असाल तर आधी हातातला चहा संपवा, कारण ठसका लागला तर पाठ थोपटायला मी उठणार नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई आहे. लग्नाआधी पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवायचे. फुशारकी मारत नाहीये हो, पण हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर आम्ही तेव्हा इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला राहायचो. ऐंशीचं दशक संपत आलेलं. आमचे हे ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका वेअरहाउसमध्ये मालाची आवकजावक बघायचे. आमची लेक केतकी सात वर्षांची होणार होती. नुकतंच घर बदललं होतं, त्यामुळे शाळाही बदललेली. नव्या शाळेत तिला मैत्रीण म्हणाल तर एकच, एमा. बाकीच्या मुली वाईट नव्हत्या, पण आपणहून हिला खेळायला बोलवायच्याही नाहीत. रोज झोपताना पोर मला विचारायची, "आई, माझा बर्थडेला सगळे येणार ना?" आणि मी म्हणायचे, "येणार तर! झोप आता." अहो, आईचा जीव! दुसरं काय सांगणार?

एक दिवस एमाच्या पार्टीहून आली ती हातात एक पिशवी नाचवतच.

"आई, हा बघ! पार्टी बॅग!"

"हा नाही गं, ही."

"ही पार्टी बॅग. घरी जाताना सगळ्यांना देतात. नाही दिला तर ना, सगळे म्हणतात, रबिश पार्टी! मग नेक्स्ट टाइम कोणीच येत नाही."

मी पिशवी पालथी केली. आत काय? एक फुगा, साबणाचे बुडबुडे काढायची बाटली, एक प्लॅस्टिकची शिट्टी आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेला केकचा तुकडा. त्याचं निम्मं आयसिंग नॅपकिननेच खाल्लेलं! शिट्टी मी वाजवून बघितली. नुसती हवा.

मी म्हटलं, हात्तिच्या! हे तर आपलं वाण! आल्यागेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये ही अक्कल काय आपल्याला यांनी शिकवायची? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण नाही का लुटत? पण आपण कशी वस्तू लुटतो? वर्षानुवर्षं घरात राहील, वापरली की आपली आठवण येईल, अशी. न वाजणाऱ्या शिट्ट्या लुटायला आपण काय वेडे आहोत?

लगेच ईलिंगच्या नलूताईंना फोन लावला. नलूताई म्हणजे आम्हा मराठी बायकांचं सुप्रीम कोर्ट.

"नलूताई, केतकीच्या वाढदिवसाला काय लुटू हो?"

"कंगवे लूट."

"ते मी मागच्या संक्रांतीला नाही का लुटले?"

"मग चहाची गाळणी लूट."

"गाळणी तुम्ही लुटली होतीत. माझ्याकडे अजून आहे."

"अगं मग स्टीलच्या वाट्या लूट, सुनंदा! साउथॉलच्या देशी दुकानांत मिळतात. पोरांच्या हातून फुटायची भीती नाही."

"पण इंग्रजांची पोरं वाटीत खाणार काय?"

"कॉर्नफ्लेक्स खातील! आपण नाही का त्यांच्या बशीत पोहे खात?"

झालं! वाट्यांवर शिक्कामोर्तब. फोन ठेवते तर जिन्यात केतकी बसलेली, हनुवटीला हात लावून. मी अर्धवट राहिलेल्या चकल्यांकडे वळले तशी मागोमाग आली.

"आई, तू वाट्या लुटणार म्हणजे काय करणार? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

आता इथे जरा थांबा. हाच तो क्षण! गॅसवर तेल तापलेलं, हात चकलीच्या पिठात, आणि डोक्यात? डोक्यात एम.ए.!

मी म्हटलं, "अगं सोप्पं आहे. लूट! इंग्लिशमध्येही लूटच म्हणतात. आपल्याकडूनच तर घेतलाय त्यांनी तो शब्द." आणि वर ऐटीत म्हणते काय, "मेल्यांनी शब्दसुद्धा लुटून नेला!"

बघा हं, खरा अर्थ माझ्याच तोंडून बाहेर पडला होता. पण माझं तोंड आणि माझं डोकं यांची त्या दिवशी गाठभेट झाली नाही.

केतकीने दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गात जाहीर केलं की शनिवारी माझी मम सगळ्यांसाठी वाट्या लूट करणार आहे. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की शाळेच्या फाटकाशी मी पोचले की बायकांचं बोलणं एकदम बंद व्हायचं आणि सगळ्या माझ्याकडे बघून गोड हसायच्या. एकीने तर चक्क ह्यांची चौकशी केली.

"तुमचे मिस्टर अजून वेअरहाउसमध्येच आहेत का?"

मला इतकं बरं वाटलं! एरवी ह्यांची चौकशी ह्यांची आईसुद्धा करत नाही. मी म्हटलं, "हो तर! खूप माल असतो तिथे. कधी काही लागलं तर सांगा!"

शनिवार उजाडला. इथली रीत तुम्हाला माहीत आहे. आया मुलांना दारात सोडतात आणि मोकळ्या हवेत पळतात. पण त्या दिवशी सगळी मुलं आली आणि एकही आई हलेना! सोफ्यावर, खुर्च्यांवर ओळीने बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

मी आपली यजमानीण! म्हटलं, "द्या इकडे, सगळ्यांच्या पर्सेस वर बेडरूममध्ये नेऊन ठेवते."

"नो, नो, थँक यू!" सगळ्या एका सुरात. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा एवढा सूर लागत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना म्हटलं, "बघितलंत? किती लोकप्रिय झालोय आपण!"

हे वडे तळत होते. म्हणाले, "मला जरा वेगळाच वास येतोय."

"वडे करपतायत," मी म्हटलं आणि बाहेर आले.

पार्टी झकास झाली. केक कापला, खेळ झाले, केतकीच्या चेहऱ्यावरून नुसता आनंद सांडत होता. मग मी मिरवत मिरवत पिशव्या आणल्या. प्रत्येकीत एक चकचकीत वाटी, वाटीत केकचा तुकडा. मुलांनी उड्या मारून घेतल्या. आणि काय सांगू! आया हळूच उठल्या आणि पोरांच्या हातातून पिशव्या काढून टेबलावर परत ठेवायला लागल्या.

"सो काइंड ऑफ यू, पण आम्हाला नको." पहिली म्हणाली. मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता टेबलावर वाट्यांचा ढीग झाला.

केतकी दाराशी उभी होती. "आई, कोणालाच नाही आवडला?" आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. मला इतकं वाईट वाटलं! माझा अपमान करा, मी दोन द्यायला समर्थ आहे. पण पोरीचा वाढदिवस हो!

तेवढ्यात बेल वाजली. दारात एमाचे वडील, तिला न्यायला आलेले. ते पोलिसात. ड्युटीवरून थेट आलेले, अंगावर युनिफॉर्म, काखेत हेल्मेट. त्यांना बघून सगळ्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, खोलीत उकडतंय.

त्यांनी टेबलावरची एक वाटी उचलली, उलटीसुलटी केली आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "एमा म्हणते, ही... लूट आहे?"

अहाहा! शेवटी एकाला तरी आपल्या संस्कृतीबद्दल विचारावंसं वाटलं! मी लागले सांगायला. अस्खलित इंग्रजीत.

"येस, येस! लूट! आय लूट एव्हरी जानेवारी!"

"एव्हरी जानेवारी?"

"एव्हरी जानेवारी! माय मदर लूटेड, माय मदर-इन-लॉ लूटेड. वन्स शी लूटेड सिल्व्हर!"

सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं, "ओ माय गॉड."

"येस! रिअल सिल्व्हर!" मी तिला म्हटलं. तिला कौतुक वाटलं असं समजून.

"आणि हे तुम्ही एकट्याच करता?" त्यांनी विचारलं.

"नो, नो! ऑल माय फ्रेंड्स! वी गो हाउस टू हाउस!"

"अँड युअर हजबंड?"

"ही नेव्हर लूट्स," मी हसत म्हटलं. "ओन्ली लेडीज लूट. ही ओन्ली ड्राइव्ज द कार!"

स्वयंपाकघरात झारा खाली पडला. हे धावतच बाहेर आले, कपाळाला पीठ.

"अगं बये, गप्प बस! लूट म्हणजे दरोडा! मघापासून या पोलिसाला सांगत्येस काय, की आपल्या घराण्यात दरोड्याचा पिढीजात धंदा आहे आणि गाडी मी चालवतो?"

माझं एम.ए. वितळून गालिच्यात जिरलं.

मग ह्यांनीच सारवासारव केली. वाण म्हणजे काय, हळदीकुंकू म्हणजे काय, आणि आमच्यात लुटणे म्हणजे सगळ्यांना वाटून टाकणे. एमाचे वडील एकाग्रतेने ऐकत होते.

"म्हणजे तुमच्या भाषेत लोकांना लुटायचं म्हणजे त्यांना वस्तू द्यायच्या?"

"हो."

त्यांनी क्षणभर विचार केला. "आमच्या चौकीत काही गिऱ्हाइकं आहेत. मॅडम, त्यांना ही भाषा शिकवाल का?"

आणि जे काही हसले, की हेल्मेट काखेतून घरंगळलं! मग सगळ्या आया हसल्या. पर्सेस मांडीवरून खाली उतरल्या, मुलांनी टेबलावर झडप घातली, एकाने तर वाटी टोपीसारखी डोक्यावर घातली. एक आई मला म्हणाली, "पुढच्या जानेवारीत मलापण लुटशील ना?" दोन मुलींनी जाताजाता केतकीला आपापल्या घरी खेळायला बोलावलं. पोर नाचायचीच बाकी होती.

मीही हसत होते. म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं, आता हा विषय संपला.

कसला संपतोय! दारातून निघताना एमाचे वडील गुडघ्यावर वाकले आणि केतकीला म्हणाले, "स्वीटहार्ट, लूट म्हणजे देणं, असं तुला सांगितलं तरी कुणी?"

माझी लेक ताठ उभी राहिली. साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, अभिमानाने म्हणाली,

"माय मम! शी इज एम.ए. इन इंग्लिश!"