रिकामा काटा

राळेगावच्या बाजारात कापूस मोजणारे आमचे शेजारी भगवानराव रोज सकाळी पहिलं गाठोडं चढवण्याआधी रिकाम्या काट्यासमोर उभे राहत. काटा हलायचा थांबेपर्यंत. वारा असला की तो डुलत राही, आणि तेही तितकाच वेळ उभे.

"भगवानराव, काटा झोपला काय?" मागून गाडीवाले ओरडत.

"झोपू दे ना बाप्पा. जागा असला की खोटं बोलते."

मग मोजणी सुरू होई. पहिल्या मापाला मापारी 'एक' म्हणत नाहीत. शुभ म्हणून 'लाभ' म्हणायचं, पुढे दोन, तीन. बत्तीस वर्षं त्यांचा दिवस असाच सुरू होत आला होता.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलात, बाजार बंद झाला. उरलासुरला कापूस लोकांच्या घरात पडून राहिला. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोला, विजयमालाकाकूंना, यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. भेटायची मनाई होती. तिसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. काकू घाबरतात, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतात. असंच चाललं तर कठीण आहे. डोळे मिटून दहापर्यंत श्वास मोजायला सांगा, तुमचं ऐकतील.

भगवानरावांनी ध्यान वगैरे कधी केलं नव्हतं. ओसरीत भिंतीला टेकून बसले. फोन कानाला लावून आधी स्वतःच डोळे मिटले आणि मनात रिकामा काटा समोर आणला. तो थांबायला बराच वेळ लागला.

"आयकून राह्यले का?" काकूंचा आवाज मास्कमधून येत होता.

"आयकून राह्यलो. डोये मिट. श्वास घे. सोड. लाभ."

"अवो, मी काय कापसाचं गाठोडं आहो?"

"गाठोडं इतकं बोलत नाही. घे. सोड. दोन."

दहा झाले की पुन्हा लाभ. अर्ध्या तासानं काकूंचं बोलणं थांबलं, नुसता श्वास ऐकू येऊ लागला. तरी भगवानरावांनी फोन ठेवला नाही. पुढचे नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. मास्क जागेवर राहिला, आणि काकू घरी आल्या.

त्यानंतरही दिवेलागणीला दोघं ओसरीत शेजारी शेजारी डोळे मिटून बसत. काकू मध्येच एक डोळा उघडून रस्त्यावर कोण चाललंय ते पाहून घेत.

गेल्या पौषात एका पहाटे भगवानराव झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळीही दोघं बसले होते. त्या संध्याकाळी डोळे उघडून उठल्यावर काकूंनी त्यांचं ताट मांडलं आणि त्यांना विचारलं, "भाकरी किती वाढू?"

"लाभ वाढ. मंग पाहू."